केक कापला, वाटला, खाल्ला. आता म्हणतात बाकी देणार नाही

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरूनच केक करते. मे महिन्यात एका रिसेप्शनसाठी तीन थरांचा, 10 किलोचा, बिनअंड्याचा क्रीम केक 1,150 रुपये किलोने ठरला. 4,000 रुपये फोनवर जमा झाले. नंतर चार वेळा डिझाइन बदललं आणि दोन दिवस आधी "पाहुणे वाढले, 12 किलो करा" असा मेसेज आला. मी "ठीक आहे" म्हटलं. माझ्या भावाने संध्याकाळी सहाला लॉनवर केक नीट पोचवला. जोडपं साडेनऊला स्टेजवर आलं, तोवर वरचा थर झुकला होता. तरी केक कापला, सगळ्यांना वाटला. रात्री ऑर्डर देणाऱ्या मुलाच्या काकांचा फोन आला, "बाई, केक नाई वाकला, आमची इज्जत वाकली. पन्नास हजार द्या, नाई तं ठाण्यात भेटू." मी घाबरून "माफ करा, माझं चुकलं" असा मेसेज टाकला. माझ्याकडे फूड लायसन्स नाही. पुढच्या महिन्यात साक्षगंधाची एक ऑर्डर आहे, तीही सोडून द्यावी असं वाटतंय.

उत्तर : ताई, आधी तुमची झोप उडवणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे पोलिसांबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला व्यवहार करतानाच फसवायचा इरादा असावा लागतो. तुम्ही केक केला, वेळेवर पोचवला, तो लोकांनी खाल्ला. यात फसवणूक कुठेच बसत नाही. माल कमी प्रतीचा निघाला की नाही, हा दिवाणी वाद आहे. आणि एक लक्षात ठेवा. केवळ माहिती किंवा जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं. फोनवर कोणी "साहेबांनी बोलावलंय" म्हणालं तर लेखी नोटीस मागा आणि ती घेऊन वकिलाकडे जा.

आता पैशाचं. तुम्ही पत्रात बाकी 7,500 लिहिली आहे, ती चुकीची आहे. वाढीव दोन किलोचा दर बोलणं झालं नाही म्हणून तुम्ही तो धरलाच नाही. वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 9 प्रमाणे किंमत ठरलेली नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची असते. त्याच केकचा, त्याच ग्राहकाला लावलेला दर यापेक्षा वाजवी दुसरा कोणता असणार? एकूण 13,800, त्यातून 4,000 वजा, बाकी 9,800. ज्यांनी वाढीव दोन किलो मागून घेतला त्यांच्याकडे त्याचे पैसे मागायला तुम्हाला संकोच वाटला, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. घरून काम करणाऱ्या बायकांच्या हिशेबात ही चूक मी वारंवार पाहतो.

"केक वाकडा होता म्हणून एक रुपया देणार नाही," असं त्यांना म्हणता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 42 प्रमाणे खरेदीदाराने माल मालकासारखा वापरला की तो स्वीकारला असं धरतात. केक परत न करता कापून वाटणं म्हणजे स्वीकारणंच. स्वीकारलेल्या मालात दोष असेल तर किंमत कमी करून मागता येते, पूर्ण बुडवता येत नाही.

तुमची कमजोर बाजूही सांगतो, कारण समोरचा वकील तीच धरणार. मे महिन्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पारा 44-45 पर्यंत जातो, सूर्य मावळला तरी हवा तापलेलीच असते. लॉन उघडं आहे हे तुम्हाला माहीत होतं. अशा हवेत व्हिप क्रीमचे तीन थर किती वेळ उभे राहतात, हे त्या काकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. खरेदीदाराने कशासाठी हवं ते सांगितलं आणि तुमच्या कसबावर भरवसा ठेवला, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे, असं कलम 16 सांगतं. म्हणून "गरमीत टिकणार नाही, गार खोलीत ठेवा, कापायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा" हे तुम्ही त्यांना कळवलं होतं का, यावर बरंच अवलंबून आहे. मेसेजमध्ये तसं काही दिसत नाही. पण भावाने लॉनच्या मॅनेजरला तोंडी सांगितलं, असं तुम्ही लिहिता. मग आजच भावाला कागदावर लिहायला लावा : कोणाला सांगितलं, काय शब्दांत, किती वाजता, सोबत कोण होतं. खाली तारीख आणि सही. दोन महिन्यांनी त्यालाही नीट आठवणार नाही.

भावाने केक ठेवल्यावर काढलेला जो फोटो तुम्ही पाठवला आहे, तो मी मोठा करून पाहिला. केक सरळ उभा आहे. मागे स्टेजवर कापड बांधणारा माणूस अजून शिडीवर आहे, खुर्च्या मांडलेल्या नाहीत. म्हणजे कार्यक्रमाच्या कितीतरी आधी केक सुस्थितीत ताब्यात दिला, हे तो फोटोच बोलतो. फक्त मला पाठवलेली प्रत पुरेशी नाही, मूळ फोटो भावाच्या फोनमध्येच राहू द्या. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर फोनधारकाची आणि तज्ज्ञाची सही लागते. केक वाटतानाची जी रील नवरीच्या बहिणीने टाकली आहे, तीही आजच जतन करा.

"माफ करा, माझं चुकलं" हा मेसेज पुसू नका. त्यांच्याकडे तो आहेच, पुसलात तर लपवल्यासारखं दिसेल. कबुली हा पुरावा असतो, पण निर्णायक पुरावा नसतो. रात्री साडेअकराला धमकीचा फोन येतो आणि चार मिनिटांत हा मेसेज जातो. कोणत्या मनःस्थितीत गेला, हे ती वेळच सांगते. यापुढे मात्र फोनवर बोलणं बंद, जे काय ते लेखी.

ग्राहक आयोगात जाण्याची धमकीही त्यांनी दिल्याचं तुम्ही कळवलं आहे, ती पोकळ समजू नका. घरगुती व्यवसायालाही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 लागू होतो, तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. नोटीस आलीच तर 30 दिवसांत उत्तर द्या. आयोग फार तर 15 दिवस वाढवून देतो. त्यापुढे मुदत देता येत नाही, हे जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र पन्नास हजार मागितले म्हणून मिळत नसतात. आयोग मानसिक त्रासापोटी रक्कम देतो हे खरं, पण 13,800 च्या केकचा एक थर झुकला आणि तोही खाल्ला गेला, एवढ्यावर ती मागणी टिकणं मला अवघड दिसतं.

म्हणून माझं मत असं : दावा लावायच्या आधी एक पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने. हिशेब मांडा, फोटोचा उल्लेख करा आणि "हक्कांना बाध न आणता, केवळ समजुतीसाठी" वरच्या थरापोटी 1,500 रुपये सोडून 8,300 मागा. पंधरा दिवसांची मुदत द्या. काका तरीही ऐकले नाहीत तर दारव्ह्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. नऊ-दहा हजारांसाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा मला तोच रस्ता बरा वाटतो. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, तेव्हा घाईने सह्या करू नका.

लायसन्सचं : तुमच्याएवढ्या लहान व्यवसायाला परवाना लागत नाही, पण अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. या आठवड्यातच करा. मिळालेला 14 अंकी क्रमांक डब्यावर छापा. दुसऱ्या कोणाचा क्रमांक वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चौकशी झालीच तर खरं ते सांगा.

साक्षगंधाची ऑर्डर सोडू नका. आपल्याकडे शेताच्या सौद्यात इसार पावती करतात, ती रीत इथेही वापरा. नुसता ॲडव्हान्स हा किमतीचा भाग असतो, सौदा मोडला तर तो ठेवून घेता येत नाही. इसार ही सौदा पाळण्याची हमी असते, आणि ग्राहकाने सौदा मोडल्यास तो जप्त होईल असं लिहिलेलं असेल तर वाजवी रक्कम ठेवता येते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या व्यवहारात हाच फरक सांगितला आहे. पैसे घ्यायच्या आधी एका मेसेजमध्ये लिहा : वजन आणि दर, डिझाइन कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल, त्यानंतरच्या बदलाचे पैसे किती, केक कुठे आणि किती अंशांत ठेवायचा, बाकी केक ताब्यात घेतानाच. त्यांचा "मान्य" असा उलट मेसेज आल्याशिवाय मैदा चाळू नका. आणि पोचवायला भावालाच पाठवा, दोन ओळींच्या पोचपावतीवर वेळ टाकून सही घ्यायला सांगा.