प्रमाण तंतोतंत घेऊनही पुस्तकातले पदार्थ कधी जमतात, कधी फसतात, असं का?

तुम्ही लिहिलंय की एकाच पुस्तकातून केलेली चकली मागच्या दिवाळीत खुसखुशीत झाली आणि यंदा तेलात विरघळली, अनारसे हसले (तळताना तुपात पसरून विरघळले), परदेशी पुस्तकातला केक मध्ये बसला, पण रव्याचे लाडू जमले. चूक पुस्तकाची की हाताची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बहुतेक वेळा दोघांचीही नसते. पुस्तक प्रमाण सांगतं. तांदळात, गुळात, पिठात आधीच किती ओल आहे, हे ते सांगू शकत नाही आणि आपले पदार्थ बिघडतात ते बहुधा तिथेच.

त्याआधी वाटीचा प्रश्न. सगळे जिन्नस वाटीनेच मोजायचे असतील तर कुठलीही वाटी चालते, कारण प्रमाण तेच राहतं. वाटी आणि चमचा एकाच कृतीत आले की घोळ होतो. ‘वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा मोहन’ यातलं मोहन म्हणजे पिठात घालायचं तेल आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर. वाटी १५० मिलिलिटरची असेल तर मोहन पिठाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पडतं, २५० ची असेल तर जेमतेम सतराव्या हिश्श्याइतकं. पहिली चकली खुसखुशीत होईल, दुसरी कडक. जुन्या पुस्तकांत मोहन डावाने सांगितलेलं असतं आणि डाव तर घरोघरी वेगळा. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तो आकडा पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

आता चकली. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धने आणि २ चमचे जिरे, या भाजणीत फारसं चुकत नाही. चुकतं ते भाजण्यात. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवले नाहीत तर ओल आत राहते. उलट डाळी तांबूस होईपर्यंत भाजल्या तर पिठाचा चिकटपणा जातो आणि सोऱ्यातून पडताना चकली तुटते. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येऊन हाताला हलकं लागेपर्यंतच भाजा. गिरणीत भाजणी गव्हावर दळू देऊ नका, तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळून घ्या. जात्यात राहिलेल्या गव्हाच्या पिठानेही चकली मऊ पडते.

१५० मिलिलिटरच्या १ वाटी भाजणीला पाऊण ते एक वाटी पाणी आणि १ मोठा चमचा तेल घ्या. पाण्यात तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा, हिंग घालून उकळी आणा, गॅस बंद करा, भाजणी घालून ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग मळा. पाणी एकदम सगळं न घालता दोन मोठे चमचे मागे ठेवलेले बरे, मळताना लागले तर वापरता येतात. पुस्तकात हे क्वचितच लिहिलेलं असतं, पण सगळा फरक इथेच पडतो, कारण नवी आणि जुनी भाजणी सारखंच पाणी पीत नाही.

चकली विरघळली तर मोहन जास्त झालंय किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही. आधी तेल तपासा: पिठाची गोळी टाकल्यावर बुडून सावकाश वर यायला हवी. तेल ठीक असेल तर गोळ्यात दोन-तीन चमचे कोरडी भाजणी मळा. काटे उमटत नसतील तर पीठ सैल आहे, तुकडे पडत असतील तर घट्ट आहे किंवा कमी मळलंय. तळल्यावर तासाभरात मऊ पडली तर आच मोठी होती: वरून रंग आला, आत पाणी राहिलं. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढू नका. रंगापेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

लाडू जमले, कारण एकतारी पाक ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे, ती वाटीवर अवलंबून नाही. कधी पाक पुढे जाऊन मिश्रण फुटायला लागलं तर कोमट दुधाचा हबका मारून झाकून ठेवा. उकडीच्या मोदकांचंही भाजणीसारखंच: नव्या तांदळाच्या पिठीला वाटीस वाटी पाणी पुरतं, जुन्या तांदळाच्या पिठीला थोडं जास्त लागतं. कळ्या चिरत असतील तर उकड कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

केकचं पुस्तक अमेरिकन असेल तर त्यांचा कप २४० मिलिलिटरचा आणि त्या कपात मैदा सैल भरून साधारण १२० ते १२५ ग्रॅम. कप थेट डब्यात बुडवून भरला की १४०-१५० ग्रॅम होतो आणि केक दडस बनतो. मध्ये बसतो तो बेकिंग पावडर जास्त झाल्याने किंवा आतून शिजण्याआधी ओव्हन उघडल्याने. ऑस्ट्रेलियन पुस्तकातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

अनारशांसाठी मात्र धीर हवा. जुना तांदूळ ३ दिवस भिजवून रोज पाणी बदला, चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरा. हाताला दमट लागेल पण पाणी चिकटणार नाही, इतपतच वाळवा. तिथेच थांबून दळा आणि बारीक चाळणीने चाळा. या ओलीनेच गूळ विरघळतो. पिठी कोरडी पडली तर जाळी पडत नाही, फार ओली राहिली तर अनारसा हसतो. वाटीभर पिठीला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ. सैल भरलेली आणि दाबून भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो, त्यामुळे गूळ एकदा वजन करून लिहून ठेवाच. चिक्कीचा गूळ नको. गोळा तुपाचा हात लावून डब्यात ४-५ दिवस मुरू द्या.

तळताना खसखशीची बाजू वर ठेवा, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. आच मंद ते मध्यम असू द्या. अनारसा हसला तर आधी दुसरा अनारसा किंचित जास्त तापलेल्या तुपात टाकून बघा. तो जमला तर दोष तुपाचा. तरीही पसरला तर गूळ जास्त आहे. म्हणून सुरुवातीलाच अर्धी वाटी ओली पिठी बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवावी. तिच्यातली एकेक चमचा गोळ्यात मळायची, झाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पुन्हा एकच अनारसा तळून बघायचा.