मराठी शब्दांची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नमस्कार, मी वाशीला राहते, ठाण्यातल्या एका ऑफिसात टेस्टिंगचं काम करते. पायथन बऱ्यापैकी येतं. भाची सातवीत आहे, तिच्यासाठी 'जर', 'नाहीतर', 'दाखव' असे शब्द असलेली एक छोटी भाषा करायचं डोक्यात आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो थेट बाइटकोड (प्रोग्रॅमचं छोट्या सूचनांमध्ये केलेलं रूप) आणि तो चालवणारं व्हर्च्युअल मशीनच कर, नाहीतर स्लो चालेल. वेळ फक्त शनिवार-रविवार. आणि लेक्सर, म्हणजे मजकुराचे शब्द-आकडे असे तुकडे करणारा भाग, लिहायला घेतला तर 'किंमत' हा शब्द मधेच तुटतोय! काय करू?

उत्तर: आधी 'किंमत'चं बघू, ते आजच सुटेल. तुम्ही बहुतेक एकेक कॅरेक्टर घेऊन त्याला इजअल्फा, म्हणजे पायथनची 'हे अक्षर आहे का' ही तपासणी, लावताय. आपल्याला 'किं' हे एक अक्षर दिसतं पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ते तीन कोड पॉइंट (क्रमांक) आहेत, क, वेलांटी आणि अनुस्वार, आणि पायथनचं इजअल्फा वेलांटीला अक्षर मानतच नाही, म्हणून लेक्सर क वरच थांबतो. त्याऐवजी आतापर्यंत जमलेला शब्द आणि पुढचं कॅरेक्टर जोडून ते इजआयडेंटिफायरला ('हे नाव म्हणून चालेल का' ही पायथनची तपासणी) विचारा, त्याला काना, मात्रा, हलन्त सगळं चालतं. अजून एक, 'दुसऱ्या'मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एकच कोड पॉइंट किंवा र आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), दिसायला सारखंच पण तुमच्या इंटरप्रिटरला (प्रोग्रॅम वाचून चालवणाऱ्या भागाला) ती दोन वेगळी व्हेरिएबल वाटणार, म्हणून फाइल वाचल्या वाचल्या सगळं एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात नॉर्मलाइझ, म्हणजे एकसारखं, करून टाका. '१२०' सारखे आपले आकडे पायथनचा इंट थेट घेतो, ती काळजी नको.

आता मित्राचं. बाइटकोड फास्ट असतो हे खरंय, पण आत्ता त्याच्या मागे लागू नका. रुबी ही भाषा १९९५ मध्ये लोकांसमोर आली आणि तिचा मूळ इंटरप्रिटर १.८ पर्यंत सिंटॅक्स ट्रीवरच (प्रोग्रॅमची रचना दाखवणाऱ्या झाडावर) चालायचा, बाइटकोडवालं मशीन १.९ मध्ये, म्हणजे २००७ ला आलं, तोपर्यंत रुबीतलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क रेल्स येऊन गाजलंसुद्धा होतं. सातवीतल्या मुलीच्या प्रोग्रॅमला ट्री-वॉकिंग, म्हणजे त्या झाडावरून फिरत प्रोग्रॅम चालवणं, भरपूर झालं.

पार्सर, म्हणजे लेक्सरच्या तुकड्यांवरून ते झाड बनवणारा भाग, हाताने लिहा, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रचनेला एक फंक्शन. बेरजेचं फंक्शन गुणाकाराच्या फंक्शनला बोलावतं, ते कंसाच्या, की २ + ३ * ४ चं उत्तर आपोआप १४ येतं. इथे मला मनापासून वाटतं की शब्दांचा क्रमही मराठी ठेवा, नुसते इंग्रजीच्या जागी मराठी शब्द नकोत. भाची 'दाखव किंमत' नाही म्हणणार, 'किंमत दाखव' म्हणेल. पार्सरला हे जड नाही, आधी एक्सप्रेशन वाचायचं आणि मग पुढे 'दाखव' आहे का ते बघायचं. 'जर किंमत > १०० असेल तर' यात 'असेल तर' आलं की अट संपली हे पार्सरला आयतं कळतं, वेगळा कंस लागत नाही.

फंक्शन मात्र लूप आणि जर-तर नीट चालल्यावरच घ्या. तेव्हा एकच गोष्ट जपा: प्रत्येक कॉलला नवीन एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबलची नावं आणि किमती ठेवायची जागा), आणि त्याचा पालक, जिथे आत न सापडलेलं नाव शोधायचं, म्हणजे फंक्शन जिथे लिहिलंय तिथलं एन्व्हायर्नमेंट, जिथून बोलावलं तिथलं नाही. नाहीतर बोलावणाऱ्याची व्हेरिएबल आत दिसायला लागतात आणि मग उत्तर का चुकलं हे शोधण्यात रविवार जातो.

आणि स्पीडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं म्हणजे चूक झाल्यावर दाखवायचे मेसेज! पहिल्या दिवसापासून प्रत्येक टोकनसोबत (लेक्सरने पाडलेल्या तुकड्यासोबत) ओळ नंबर ठेवा, नंतर घालायला गेलात तर सगळा कोड उकरावा लागतो. पायथनबरोबर येणाऱ्या डिफलिब या लायब्ररीमध्ये जवळचे शब्द शोधायचं फंक्शन आहे, ते वापरा म्हणजे 'ओळ ४: किमत नावाचं काही सापडलं नाही, किंमत म्हणायचं होतं का?' असा मेसेज देता येईल. तुम्ही टेस्टर आहात, हे काम तुम्हाला मस्त जमेल. भाचीला शेजारी बसवा, तिला हवं ते टाइप करू द्या आणि ती जिथे अडेल तिथला मेसेज लगेच सुधारा.