जुना अमेरिकन मॉर्गन डॉलर (चांदीचं नाणं) काळा पडलाय, घासून चकचकीत करू का?

अजिबात नको. चिंच, टूथपेस्ट, पावडर, काहीच लावू नका. वर्षानुवर्षं चढलेली ती काळसर-निळसर झाक अनेक संग्राहकांना आवडते. घासलंत तर टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी कायमची जाते आणि किंमतही उतरते.

त्यापेक्षा नाणं कडेला धरून भिंगाखाली निरखा. पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती, झीज आधी तिथेच दिसते. मग मागच्या बाजूला पानांच्या हाराखाली टांकसाळीचं इंग्रजी अक्षर शोधा. ‘सीसी’ असेल तर नाणं नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीचं. मला स्वतःला हीच सर्वांत प्रिय, कारण तिथली चांदी जवळच्याच कॉमस्टॉक खाणींतून येई.

हे डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सरकारने २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, म्हणून किती पाडले यापेक्षा किती उरले ते बघायचं.

नकली पुष्कळ फिरतात. अस्सल नाण्यात ९० टक्के चांदी, वजन २६.७३ ग्रॅम, झिजलेलं असेल तर किंचित कमी. ठेवताना मऊ पीव्हीसी पाकीट टाळा, त्याने चांदीवर हिरवा चिकट थर येतो.