नेदरलँड्समधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस शिकणं कसं असतं? सगळं थोडंथोडं शिकून शेवटी हाती काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की भौतिकशास्त्र आणि इतिहास यांपैकी एकही सोडवत नाही, म्हणून नेदरलँड्समधली, अनेक शाखांचे विषय एकत्र शिकवणारी ही निवासी ऑनर्स कॉलेजं बघताय. पण ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत होईल की काय, ही धास्ती आहे. मी तिथल्याच एका कॉलेजातून पदवी घेतली. कुठल्या ते लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही करणार आहे.

धास्ती रास्त आहे. चिंध्या होतात, झालेल्या पाहिल्यात. पण बहुतेक वेळा त्या विषय जास्त घेतल्याने होत नाहीत, विषय उशिरा घेतल्याने होतात. हे गणित आधी मांडते, कारण माहितीपत्रकात ते ठळक अक्षरांत सापडत नाही.

डच विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची आणि 180 क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे 28 तासांचं काम, वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं धरून. उट्रेख्तच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक कोर्स साडेसात क्रेडिटचा, म्हणजे सेमिस्टरला चार कोर्स आणि तीन वर्षांत 24. ऐकताना पुष्कळ वाटतात. आता वजाबाकी करा. मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि विज्ञान या तिन्हींत थोडं तरी फिरावं लागतं, एखादी भाषा घ्यावी लागते, संशोधनपद्धती येतात, शेवटी प्रबंध. एक सेमिस्टर दुसऱ्या देशात काढलंत तर तिथले कोर्स तुमच्या आराखड्यात चपखल बसतीलच असं नाही. जे उरतं त्यात तुमचा मुख्य विषय.

त्यातही कोर्सना पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीवर जायचं तर दुसरी झालेली हवी, दुसरीसाठी पहिली, आणि एखादा मधला कोर्स वर्षातून एकाच सेमिस्टरला लागतो. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर गणिताची गोडी लागली. मुलगा हुशार, ट्यूटरही मदतीला तयार. पण कॅल्क्युलस, मग लिनिअर अल्जिब्रा, मग त्यापुढचं, ही साखळी उरलेल्या सेमिस्टरांत काही केल्या बसेना. शेवटी तत्त्वज्ञानाचीच पदवी घेऊन तो बाहेर पडला.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे: भौतिकशास्त्र आणि गणित पहिल्याच सेमिस्टरपासून धरा. इतिहास दोन सेमिस्टर थांबला तरी बिघडत नाही. (इतिहासाचे माझे प्राध्यापक हे वाचून चिडतील, पण वेळापत्रक त्यांनीच बनवलंय.)

आता शिकणं कसं असतं ते. ही कॉलेजं निघाली तीच मुळी मोठ्या विद्यापीठांतल्या गर्दीला कंटाळून. नेदरलँड्समध्ये विद्यापीठाच्या वाटेची शालेय परीक्षा पास झालं की बहुतेक अभ्यासक्रमांना निवडीशिवाय प्रवेश मिळतो. मग शेकडो मुलांचं व्याख्यान, आणि जेमतेम पास होण्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. हान्स आद्रियान्सेन्स या समाजशास्त्रज्ञाने 1998 मध्ये उट्रेख्तला पहिलं युनिव्हर्सिटी कॉलेज काढलं, एका जुन्या लष्करी छावणीत. अर्ज, निवड, लहान वर्ग, राहणं तिथेच. मग त्यानेच 2004 मध्ये मिडलबर्गच्या जुन्या गॉथिक नगरभवनात दुसरं उभं केलं. मास्ट्रिख्टला 2002 मध्ये निघालं होतंच. पुढे अ‍ॅमस्टरडॅम 2009, लायडन विद्यापीठाचं हेगमधलं 2010, रॉटरडॅम 2013, ग्रोनिंगन 2014. ‘ऑनर्स’ इथे जादा गुणांची वेगळी तुकडी नसते. सगळा अभ्यासक्रमच त्या पातळीचा धरलेला असतो.

वर्गात साधारण वीस-पंचवीस जण. सार्वजनिक आरोग्याच्या कोर्समधला एक तास सांगते, त्यावरून अंदाज येईल. विषय होता 1854 ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ आणि ती पाण्यातून पसरते म्हणणारा डॉक्टर जॉन स्नो. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचं हँडल काढलं आणि साथ थांबली, ही गोष्ट आम्ही सगळेच ऐकून होतो. संख्याशास्त्र घेतलेल्या मुलीने पहिल्या पाच मिनिटांत त्यातली हवा काढली: हँडल निघालं तोवर साथ उतरणीला लागलेली होती, मग श्रेय हँडलला कसं? तिच्या मते स्नोचा खरा पुरावा वेगळाच. दोन पाणी कंपन्या एकाच भागात नळ देत होत्या, त्यातल्या एकीने 1852 मध्ये थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला जाऊन घ्यायला सुरुवात केली होती, आणि दोघींच्या गिऱ्हाइकांतल्या मृत्यूंची तुलना स्नोने केली. जीवशास्त्रवाल्याने सांगितलं की इटलीत पाचिनी नावाच्या शास्त्रज्ञाने 1854 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचा जंतू पाहिला होता, पण फारशी दखल कुणी घेतली नाही. तो जंतू जगाला पटवून देणारा रॉबर्ट कॉख आला तो 1880 च्या दशकात. मग इतिहासवाला म्हणाला, पुरावा एवढा चोख होता तर अधिकाऱ्यांना दूषित हवेचाच सिद्धांत का पटत राहिला? तासभर यावर जुंपली. बाई तीनचार वाक्यंच बोलल्या असतील, तीही प्रश्नच. शेवटी त्यांनी त्या इतिहासवाल्याला मृत्यूंचे आकडे हाताळून पुढच्या आठवड्यात तक्ता आणायला सांगितलं, आणि संख्याशास्त्रवालीला त्या काळातल्या आरोग्य मंडळाचा अहवाल वाचायला.

हाती काय लागतं विचारता ना? ते असल्या तासांतून लागतं. दुसऱ्या शाखेचा माणूस पुरावा कशाला म्हणतो, हे कळतं. पण त्या मुलीला संख्याशास्त्र खरोखर येत होतं म्हणून तो तास रंगला, हे विसरू नका. सगळ्यांनाच सगळं थोडंथोडं येत असतं, तर नुसत्या गप्पा झाल्या असत्या. तसलेही तास मी भरपूर काढलेत. वाचन न करता आलेला, पण इंग्रजी फर्डं बोलणारा मुलगा चर्चा खेचून नेतो आणि वर्गातल्या सहभागाचे गुणही त्यालाच मिळतात, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार कामाच्या रेट्याची. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा आणि आधी निवांत, असं नसतं. तिसऱ्या आठवड्यात निबंध, पाचव्यात चाचणी, सातव्यात प्रेझेंटेशन, आणि हे चारही कोर्सना एकाच वेळी. एक कोर्स मागे पडला की भरून काढायला जागाच नाही. आजारी पडायलासुद्धा मुहूर्त बघावा लागतो. ज्यांना शेवटच्या महिन्यात झपाटून अभ्यास करायची सवय आहे, त्यांची पहिल्या सेमिस्टरला फार ओढाताण होते.

निवासाचं म्हणाल तर अटी सगळीकडे सारख्या नाहीत. कुठे तिन्ही वर्षं कॅम्पसवर, कुठे फक्त सुरुवातीला. तिथल्या शहरांत विद्यार्थ्यांना खोली मिळणं इतकं अवघड झालंय की हमखास मिळणारी खोली हा एकटा मुद्दाही मोठा. एका घरात सात-आठ जण, स्वयंपाकघर एक, आणि फ्रिजच्या दारावर भांडी कुणाची यावरून चिठ्ठ्यांची लढाई. सकाळी ज्याच्याशी दुधावरून वाद झाला, त्याच्याशीच दहा वाजता गटाचं प्रेझेंटेशन. ओळखी घट्ट होतात, पण गावाशी नातं जुळत नाही. सगळं इंग्रजीत, सगळं शंभर पावलांवर. तीन वर्षं राहून डच भाषा धड न येणारे निम्मेअधिक. मी पहिल्या वर्षानंतर गावातल्या एका गायनमंडळात जायला लागले तेव्हा कुठे त्या देशात राहतोय असं वाटलं.

पदवीनंतर काय? पुढचा रस्ता बहुतेकांचा मास्टर्सचा असतो, आणि खरी कसोटी तिथेच. मास्टर्सचे अभ्यासक्रम पदवीचं नाव बघत नाहीत, कोर्सची यादी बघतात. भौतिकशास्त्राच्या मास्टर्सला क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, प्रयोगशाळा हे सगळं किती झालंय ते तपासतात. उट्रेख्तला भौतिकशास्त्राची जोडपदवी आहे, ती तुम्ही नक्की बघा. काम जास्त, पण तुमची धास्ती तिथे संपते. डच वकिली किंवा डॉक्टरकी डोक्यात असेल तर मात्र ही वाट आडवळणाची आहे. वकिलीसाठी कायद्याचीच पदवी लागते.

पैशांचं थोडक्यात. युरोपीय विद्यार्थ्यांना सरकारने ठरवलेली फी 2025-26 मध्ये 2601 युरो होती, आणि लहान वर्गांच्या या कॉलेजांना त्याहून जास्त घ्यायची मुभा आहे. युरोपबाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. एनएल स्कॉलरशिप 5000 युरोंची, तीही एकदाच, पहिल्या वर्षी. तिच्या भरवशावर हिशोब करू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 16 तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं, तेही मालकाने परवाना काढला तर. आणि वर्षाला किमान निम्मी क्रेडिट मिळाली नाहीत तर विद्यापीठ इमिग्रेशन खात्याला कळवतं, राहण्याचा परवाना धोक्यात येतो.

अर्जाआधी एक काम करा. ज्या कॉलेजात जायचंय त्याचा कोर्स कॅटलॉग संकेतस्थळावरून उतरवा, कागदावर सहा सेमिस्टरांचे रकाने आखा आणि पायऱ्या, अटी, कोर्स कुठल्या सेमिस्टरला लागतो हे बघत तीन वर्षं भरून काढा. मग ज्या मास्टर्सकडे डोळा आहे त्याच्या प्रवेशाच्या अटी शेजारी ठेवा. दोन्ही जुळले तर तोच कागद मुलाखतीला उपयोगी पडतो. ‘इथेच का’ हा प्रश्न तिथे हमखास येतो आणि ‘मला सगळ्याची आवड आहे’ हे उत्तर त्यांनी आधीच शंभर वेळा ऐकलेलं असतं. अर्ज दोन असतात, एक स्टुडिलिंक (Studielink) या पोर्टलवर आणि एक कॉलेजचा स्वतःचा, प्रेरणापत्रासकट. मुदत नेहमीच्या अभ्यासक्रमांपेक्षा बरीच आधी संपते, आणि तुमच्या बारावीच्या बोर्डाला कुठली जादा अट लागते, विशेषतः गणिताची, हे प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी घ्या.