वावरात टाकलेल्या खताचा जनावराच्या रक्तावर खरंच फरक पडतो का?

हो भाऊ, पडतो, पण सगळ्याच गोष्टींचा सारखा नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर हाडातून काढून बरोबर ठेवतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी चाऱ्यात कमतरता असू शकते. फॉस्फरसचं तसं नाही, तो चाऱ्यात कमी पडला की रक्तातही लगेच कमी दिसतो. आपली काळी जमीन चुनखडीची, तिच्यात फॉस्फरस अन् झिंक अडकून बसतात, वरून उन्हाळाभर नुसता कडबा अन् कुटार, त्यात फॉस्फरस असतोच किती! मग म्हैस हाडं, चिंध्या चघळत बसते, अन् व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत लघवी कॉफीसारखी लाल होते. फॉस्फरस नसल्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्या, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, घरगुती उपाय करत बसू नका, म्हैस हातची जाते.

चाऱ्याच्या वावरात सुपर फॉस्फेट, झिंक सल्फेट टाकलं तर चाऱ्यात ते थोडंफार वाढतं. पण हिरव्या चाऱ्याला युरिया-पोटॅश जास्त झालं तर उलट मॅग्नेशियम अंगी लागत नाही, रक्तात घटतं. मला विचाराल तर माती परीक्षण कराच, पण तोवर रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर ढेपीत कालवून द्या, ते लवकर लागू पडतं.