12,34,56,789 चे अवयव पाडताना

आधी अंकांची बेरीज करा: 45. म्हणजे 9 ने भाग जातो आणि 1,37,17,421 उरतात. इथेच बरेच जण अडकतात. हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहतात, भाग जात नाही, म्हणून तीच मूळ ठरवतात. पण तपासणी वर्गमुळापर्यंत, म्हणजे 3703 पर्यंत हवी.

त्यापेक्षा फर्माची रीत वापरा, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडा, कारण a² − b² = (a − b)(a + b). इथे ती फारच सुंदर चालते. वर्गमुळाच्या लगेच पुढच्या 3704 च्या वर्गातून 1,37,17,421 वजा केली की 2195 उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. 3705 घ्या: बाकी 9604, म्हणजे 98 चा वर्ग! म्हणून अवयव 3705 − 98 = 3607 आणि 3705 + 98 = 3803. दोन्ही मूळ.

विभाजक मोजताना 9 ला 3² धरा, आणि प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात 1 मिळवून गुणा: (2 + 1) × (1 + 1) × (1 + 1) = 3 × 2 × 2 = 12. नऊलाच मूळ मानलंत तर चुकून 8 येतील.