गमत्या महापौर आणि विमानतळाचं नाव

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. शिकागोहून न्यूयॉर्कला जाताना लागार्डिया विमानतळावर उतरलो. मुलगा म्हणाला, "बाबा, हा इथला एक गमत्या महापौर होता." नुसत्या गमतीवर विमानतळाला नाव मिळतं का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गमतीवर नाही मिळत. पण या माणसाची गमत त्याच्या कामातूनच यायची. तुमच्या विमानतळाचंच बघा. १९३४ मध्ये महापौर फिओरेलो लागार्डिया तुमच्यासारखेच शिकागोहून परतत होते. विमान उतरलं नेवार्कला, म्हणजे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात. बाकीचे उतरले, हे जागचे हलेनात. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय, तेव्हा न्यूयॉर्कलाच सोडा, हा हट्ट. शेवटी विमानाला त्यांना घेऊन न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या धावपट्टीवर जावं लागलं. बातमी व्हायची ती झालीच. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात शहराचा नवा विमानतळ उभा राहिला, तोच तुमचा लागार्डिया.

मला स्वतःला त्यांचा सगळ्यात आवडतो तो मंडईतला किस्सा. आर्टिचोक ही कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी इटालियन घरांत फार लागते. तिचा घाऊक धंदा सिरो टेरानोव्हा नावाच्या गुंडाने मुठीत ठेवला होता आणि भाव तो ठरवील तो. १९३५ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, लागार्डिया सकाळी सकाळी ब्राँक्सच्या घाऊक बाजारात गेले. बरोबर तुतारीवाले पोलीस! तुताऱ्या वाजल्या, पाच फूट दोन इंचांचा हा माणूस ट्रकवर चढला आणि त्याने जाहीरनामा वाचला : छोटे आर्टिचोक विकायला, मांडायला, जवळ बाळगायलाही बंदी. लोक हसले असतील, पण दलालांची साखळी तुटली, भाव उतरले आणि थोड्याच दिवसांत बंदी उठली. मी बरीच वर्षं महापालिकेच्या बातम्या केल्या. सभागृह हसवणारे नगरसेवक भरपूर पाहिले. दुसऱ्या दिवशी भाजीचा भाव उतरवणारा विनोद मात्र माझ्या वाट्याला आला नाही, म्हणून हा माणूस मला मोठा वाटतो.

हजरजबाबीपणा होताच, आणि त्यामागे मेहनत होती. वडील इटालियन, आई त्रिएस्तेच्या ज्यू घराण्यातली. तरुणपणी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर स्थलांतरितांचे दुभाषे म्हणून नोकरी आणि रात्री कायद्याचं शिक्षण. १९२२ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निवडणुकीत ज्यू प्रतिस्पर्ध्याच्या गोटातून, लागार्डिया ज्यूद्वेष्टे आहेत, असा प्रचार झाला. त्यांनी स्वतःच्या आईचा दाखला दिला नाही. यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंच्या बोलीत, खुलं पत्र काढलं : या, आपण वादविवाद करू, पण सगळा यिडिशमध्ये. समोरचा आलाच नाही. लागार्डिया दोनशेहूनही कमी मतांनी निवडून आले!

सगळं गोड नव्हतं. हाताखालच्यांवर ते भयंकर खेकसायचे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत दंगल झाली, तेव्हा त्यांनीच नेमलेल्या समितीने पोलिसांवर आणि शहराच्या कारभारावर बोट ठेवलं. तो अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. पुढच्या वर्षी हार्लेममधल्या वर्तमानपत्राने छापला. लोकांना जिंकणाऱ्या महापौराने तिथल्या काळ्या रहिवाशांचं गाऱ्हाणं असं दाबावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुम्हाला एक सुचवते. १९४५ च्या जुलैत वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला आणि मुलांची चित्रकथा हुकली. लागार्डियांनी शहराच्या रेडिओवर ती स्वतः वाचून दाखवली. गुप्तहेर डिक ट्रेसीची गोष्ट, पात्रागणिक आवाज बदलून, आणि शेवटी, पापाचा पैसा लाभत नाही, असं मुलांना बजावून. त्याचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ऐकायला मिळतं. आवाज चिरका आहे, पण दोन मिनिटांत माणूस कळतो. मुलाला शोधून द्यायला सांगा आणि नातवंडं असतील तर त्यांनाही जवळ बसवा.